उसवणी

हडर्सफील्ड. चर्चमागची खोली.
हीटर खोकतो आणि गार पडतो.
शुक्रवारी पहाटे चारला गाडी निघायची,
डोव्हर, तिथून बोट, मग डंकर्कजवळचं ते रान
जिथे बायका तंबूत राहतात
आणि रोज समुद्राकडे बघतात; म्हणजे आमच्याकडे.

ग्वेनेथबाई यादी वाचतात.
आतले कपडे, नवेच, कुणाचे घातलेले नकोत.
पाळीचे पॅड. खोबरेल. बारीक दातांच्या फण्या.
सेफ्टी पिना, मोठ्या, मिळतील तितक्या.
पिना कशाला? क्लाइव्हनं विचारलं.
तंबूचं दार आतून लावायला,
म्हणाल्या, आणि पुढचा जिन्नस वाचला.

मग नियम. फोटो काढायचे नाहीत.
वचन द्यायचं नाही. काय झालं ते विचारायचं नाही,
सांगितलं तर ऐकायचं,
आणि रडू आलं तर गाडीमागे जायचं.
तीस वर्षं इथल्या इस्पितळात रात्रपाळ्या केल्या मी.
गाडीमागे जाणं मला जमतं.

शिलान बेकरीतून थेट आलेली, मनगटावर पीठ.
एक अख्खा हिवाळा तीही त्याच रानात होती.
तिनं एक फिकट पिवळा कोट बाजूला काढला.
चिखल, म्हणाली.
थोड्या वेळानं: आणि रात्र.
मग आम्हाला एक वाक्य शिकवलं, कुर्दीतलं, पहिलं:
नावत चिये?
क्लाइव्हच्या जिभेवर ते वळेना.
मला शिकवावंच लागलं नाही. नाव म्हणजे नाव.
आमच्याकडे ते नाव माणसाचं आणि ती नाव पाण्यातली,
दोन्ही बुडतात,
हे मी शिलानला सांगितलं नाही.

माझ्याकडे काम उसवायचं.
लेकरांच्या कोटांना कॉलरीत शाळेच्या पट्ट्या,
लाल धाग्यात विणलेलं नाव: एफ. थॉर्नली. ओ. बीव्हर.
कुण्या आईनं ऑगस्टच्या शेवटी
चष्मा लावून घातलेले बारीक टाके.
ब्लेडचं टोक घालते, ओढते. टक्. टक्.

नगरच्या बोर्डिंगात परदेशातून पेटी आली तेव्हा
माझी आई नऊ वर्षांची.
निळा फ्रॉक तिच्या वाट्याला, आत पट्टी: एडिथ.
मॅट्रिकपर्यंत ती एडिथच राहिली.
फ्रॉक आखूड झाला, पुढच्या पोरीला गेला,
नाव नाही गेलं.
हे आम्हाला कळलं तिच्या मातीच्या दिवशी.
राहुरीहून एक म्हातारी आली,
पेटीवर हात ठेवून म्हणाली, एडिथे, अगं एडिथे,
आणि आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो
की ही चुकीच्या मयतीला आली.

फ्रॉकबद्दल आई एकदाच बोलली होती,
भाकऱ्या थापता थापता.
खिसा होता गं त्याला. जन्मातला पहिला खिसा.
काय ठेवायचीस त्यात?
हात.

पाळकबाई आल्या. कोटांच्या ढिगावर तळवे टेकून प्रार्थना,
जाणाऱ्यांची नावं एकेक,
माझं नेहमीसारखं अर्धंच.
आमेनला मला उशीर झाला.
बशीत तेवीस पट्ट्या होत्या.
कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले,
पाय दाबला, झाकण उघडलं,
कुणाचं नाव असं टाकवेना.
कॉलरींवर टाक्यांची भोकं राहिलीत,
नखानं घासली, अर्धी मिटली.

बसमध्ये हात खिशात.
पट्ट्यांच्या कडा बोटांना लागतात.
बाहेर अंधार, काचेत एक बाई, कोट गळ्यापर्यंत लावलेला.
नावत चिये, मी विचारते, सराव म्हणून.
तीही तेच विचारते.
मग माझा थांबा आला.